जीर्णोद्धार कीं जीर्णसंहार ?

जुन्या मोटारगाड्यांचा विषय या मासिकाच्या पानांवर पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. जेथें काव्याची आणि कादंबरीची चर्चा व्हावयाची, तेथें गंजलेला पत्रा, तेलकट चिंध्या आणि कार्ब्युरेटर यांचें काय काम, असें कोणी विचारिलें तर तो प्रश्न अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत असतां आमच्यासमोर एक वाद असा उभा राहिला कीं, त्याचा पत्र्याशीं जितका संबंध आहे तितकाच पोथ्यांशीं, देवळांशीं आणि एकंदरींत सत्याशींहि आहे. जुनी वस्तु दुरुस्त करणें म्हणजे काय, आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं ती नाहींशी करण्याचा अधिकार कोणास आहे, हा तो वाद होय. या वादांत आम्ही तटस्थ नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

आमचा एक जुना विद्यार्थी ऑक्सफर्डच्या दक्षिणेस ॲबिंग्डन गांवाजवळ राहतो. त्याच्या घरालगतच्या गॅरेजमध्यें १९६६ सालची 'एम्. जी. बी.' जातीची एक उघडी, दोन आसनांची गाडी गेलीं तीन वर्षें सुट्या भागांच्या रूपानें पडून आहे. 'एम्. जी.' हीं अक्षरें ऑक्सफर्डमधील 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. सेसिल किंबर या तेथील व्यवस्थापकानें १९२० नंतरच्या दशकांत साध्या मॉरिस गाड्यांना निराळें, चपळ रूप द्यावयास आरंभ केला. म्हणजे आज जिला लोक अभिजात म्हणून गौरवितात तिचें कुळच मुळीं एका गॅरेजांतलें. एम्. जी. बी. ही १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यांत तयार होत होती आणि तिच्या सर्व प्रकारांची मिळून संख्या पांच लाखांवर गेली. ही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तर, कारकून किंवा नुकताच नोकरीस लागलेला तरुण यांच्या खिशाला झेपेल एवढाच वेग आणि एवढाच डौल तिच्यांत होता, आणि म्हणूनच ती घराघरांतून वापरली गेली.

या गाडीला स्वतंत्र पोलादी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. त्यांतून वर छप्पर नाहीं, त्यामुळें बराचसा भार दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर येतो. तिकडील कारागीर त्यांस 'सिल' म्हणतात. बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा, मधला उभा पडदा आणि तळाशीं एक दुमडलेली पट्टी, जिच्या तटबंदीसारख्या आकारामुळें तिला 'कॅसल रेल' असें नांव पडलें आहे, अशी त्या पेटीची घडण असते. तिच्या पोटांत पावसाचें पाणी आणि हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेलें मीठ सांठतें आणि गंज आंतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर बुडबुडा दिसूं लागेपर्यंत आंत फारसें कांहीं उरलेलें नसतें. कुजलेला भाग कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत लोखंडी आडव्या जोडून आधार द्यावा लागतो. तो न देतां पत्रा कापला तर सांगाडा मधोमध खचतो, आणि मग त्या गाडीचें दार कधींच नीट लागत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें हें सर्व रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं, पुस्तकें वाचून व चुका करून, स्वतःच्या हातानें शिकून घेतलें.

डावीकडील पेटी त्यानें उघडली तेव्हां आंत काय निघालें? पूर्वीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्यानें कुजलेली पेटी तशीच ठेवून तिच्यावर नव्या पत्र्याचें पांघरूण घातलें होतें, सांध्यांत पुट्टी भरली होती आणि वर सुंदर लाल रंग चढविला होता. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना गाडी नवी, आणि हात घातला तर मुठींत भुगा! दुरुस्तीच्या नांवानें खोटें कसें बोलतात याचा हा पहिला नमुना. तो सर्वांस निंद्य वाटतो, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. आमचें भांडण दुसऱ्या नमुन्याशीं आहे. तो निंद्य वाटत नाहीं. उलट त्याला बक्षिसें मिळतात.

विद्यार्थ्याच्या परिचयाच्या मोटारप्रेमी मंडळींनीं त्याला जवळ जवळ एकमुखानें सल्ला दिला तो असा. 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेनें १९८८ पासून मूळ साच्यांच्या साह्यानें या गाडीचा संपूर्ण सांगाडा पुन्हां बनवावयास आरंभ केला आहे. तसा एक विकत घ्यावा. जुना सांगाडा भंगारांत द्यावा. आसनांमागें सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्या काढून एक मोठी बसवावी. इंजिन उघडून आरशासारखें चकचकीत करावें. प्रत्येक खिळा, प्रत्येक चाकी नवी घालावी, आणि रंग तर असा द्यावा कीं, १९६६ सालीं कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतांनाहि तिच्यावर तसा रंग नसेल. शेवटीं जुन्या सांगाड्यावरील क्रमांकाची पट्टी उचलून नव्यावर लावावी, म्हणजे झाला जीर्णोद्धार!

आमच्या विद्यार्थ्याचें मन मात्र एका क्षुल्लक गोष्टीपाशीं अडलें होतें. या गाडीचें बॉनेट त्या काळीं ॲल्युमिनियमचें असे, त्यामुळें तें गंजापासून वांचलेलें होतें. त्याच्या आंतल्या बाजूस कोणा पूर्वीच्या मालकानें बारीक कुंचल्यानें पांढऱ्या रंगांत तेल बदलल्याच्या तारखा आणि मैलांचे आंकडे लिहून ठेवले होते. अशा एकोणीस ओळी. पहिली १९६७ ची, शेवटची १९८१ ची. मधल्या दोन ओळींचें अक्षर निराळें, कोवळें. बहुधा मुलाचें किंवा मुलीचें. सर्वत्र नवा रंग द्यावयाचा तर या ओळी घांसून काढाव्या लागणार. "सर," तो आम्हांस म्हणाला, "तुम्ही आम्हांला पाठभेद शिकवीत होतां. या ओळी तुम्ही पुसल्या असत्या का?"

याचें उत्तर आम्हीं त्याला त्याच जागीं दिलें. तें आतां विस्तारानें देतों.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची संशोधित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि ती १९६६ सालीं पुरी झाली. या कामास शास्त्रशुद्ध वळण लावणारे डॉ. सुखठणकर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढें प्रश्न हाच होता. पोथ्या कुजलेल्या, खाल्लेल्या, परस्परविरोधी. कोठें पान गहाळ, कोठें कोणीं मागाहून घुसडलेले श्लोक. त्या थोर संपादकांनीं काय केलें? आपल्या पदरचे सुंदर श्लोक रचून भगदाडें बुजविलीं नाहींत. जो पाठ निश्चित वाटला तो वर घेतला. ज्याविषयीं शंका होती त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढली. जे पाठ गाळले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेविले. या रेघेंत जो प्रामाणिकपणा आहे तो आम्हांस संबंध विद्वत्तेचें सार वाटतो. येथपर्यंत जुनें, येथून पुढें आमचें, असें सांगण्याची लाज ज्याला वाटत नाहीं तोच जुन्याचा खरा सेवक. उलटपक्षीं एखाद्या संपादकानें सर्व पोथ्या जाळून, गुळगुळीत कागदावर स्वतःची रचना छापून, वर 'व्यासकृत' अशी अक्षरें घातलीं असतीं, तर आपण त्याला काय म्हटलें असतें? क्रमांकाची पट्टी नव्या सांगाड्यावर लावून 'ही १९६६ ची गाडी' असें म्हणणारा गृहस्थ याहून निराळें काय करतो?

ही शंका आम्हींच प्रथम काढली असें नाहीं. जुन्या इमारतींचें तथाकथित पुनरुज्जीवन हा त्यांचा सर्वांत पुरता नाश आहे, असें रस्किननें १८४९ सालींच बजाविलें होतें, आणि विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठीं जी संस्था काढली तिचा रोख याच प्रवृत्तीवर होता. आपल्याकडे तर या रोगाचे दाखले गांवोगांवीं आहेत. शेंकडों वर्षांच्या काळ्या पाषाणाच्या देवळाला भडक तैलरंग फांसावयाचा, झिजलेल्या शिल्पावर सिमेंट थापावयाचें, आणि जीर्णोद्धार केल्याची पाटी देणगीदारांच्या नांवांसह भिंतींत बसवावयाची! शब्दाकडे तरी पाहा. जीर्णाचा उद्धार म्हणजे जें जीर्ण झालें त्याला वर काढणें, त्याला हांकलून देणें नव्हे.

आतां प्रतिपक्षाचें सर्वांत बलवान् शस्त्र पाहूं. ते म्हणतात, यंत्राचे भाग बदलत जाणें हाच त्याचा धर्म आहे. सर्व भाग बदलले तरी गाडी तीच राहते, आणि इंग्लंडच्या न्यायालयानेंहि तसें म्हटलें आहे. हा दाखला खरोखर मोठा मनोरंजक आहे. 'ओल्ड नंबर वन' या नांवाची बेंटली गाडी १९२९ आणि १९३० या दोन्ही सालीं फ्रान्समधील ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतींत पहिली आली. दोन्ही वेळां वूल्फ बार्नाटो हा तिच्या चालकांपैकीं एक होता. पुढें तिच्यांत अधिक मोठें इंजिन बसविण्यांत आलें. १९३२ सालीं ब्रुकलंड्स येथें शर्यतींत ती कोसळून क्लाइव्ह डन्फी हा चालक ठार झाला. त्यानंतर तिला निराळें शरीर चढलें. अनेक वर्षांनीं एका मालकानें तिला पुन्हां शर्यतीच्या रूपांत आणलें आणि सुमारें एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. घेणाऱ्यानें ऐन वेळीं हात आंखडला. ही ती गाडीच नव्हे, असें त्याचें म्हणणें पडलें. १९९० सालीं न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल दिला तो विकणाऱ्याच्या बाजूनें.

येथपर्यंत प्रतिपक्ष सांगतो. पुढचें सांगत नाहीं. न्यायमूर्तींनीं त्या गाडीला 'मूळची' म्हणण्याचें साफ नाकारलें. १९२९ सालीं शर्यत जिंकणाऱ्या गाडीचें तिच्यांत फारच थोडें उरलें होतें, हें त्यांनीं मान्य केलें. तरीहि ती 'खरी' आहे असें ते म्हणाले तें कशाच्या आधारावर? तिच्यांतील बदल एकामागून एक, तिच्या प्रत्यक्ष आयुष्याच्या ओघांत झाले आणि त्या सर्व काळांत तिची ओळख कधीं तुटली नाहीं, या आधारावर. म्हणजे गाडीचा खरेपणा तिच्या अखंड इतिहासांत आहे! मग तोच इतिहास एका हिवाळ्यांत घांसून, कापून, भंगारवाल्याच्या हवालीं करणाऱ्याला या निकालाचा आधार घेण्याचा काय अधिकार? नदींतलें पाणी रोज बदलतें म्हणून नदी बुजवून शेजारीं कालवा खणला आणि त्याला तिचें नांव दिलें, तर तो युक्तिवाद कोणी मान्य करील का?

एवढें म्हटल्यावर आम्हांस दुसऱ्या टोकाच्या मंडळींत ओढण्यांत येईल, तर तेथेंहि आमची जागा नाहीं. अलीकडे धुळीची पूजा करणारा एक पंथ निघाला आहे. २०१५ सालीं पॅरिस येथें एका फ्रेंच कुटुंबाच्या शेडमध्यें वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या गाड्यांचा लिलांव झाला. त्यांतील एक फेरारी धुळीसकट एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किंमतीला गेली. तेव्हांपासून धुळीलाहि भाव आला, आणि नव्या रंगावर मुद्दाम ओरखडे काढून, मुद्दाम गंज चढवून खोटें म्हातारपण विकणारे कारागीर कांहीं कमी नाहींत. नव्याहून नवें करणारा जितका खोटा तितकाच हाहि खोटा. एकानें वय चोरलें, दुसऱ्यानें वाढवून सांगितलें. जाणत्यांचें मत मात्र हळुहळू ताळ्यावर येत आहे. कॅलिफोर्नियांतील पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनांत सर्वश्रेष्ठ गाडीचा मान वर्षानुवर्षें झगझगीत पुनर्निर्मित गाड्यांकडे जात असे. २०२४ सालीं तो प्रथमच एका जतन केलेल्या गाडीला, १९३४ च्या बुगाटीला, मिळाला. परंतु अशी कोट्यधीशांची गाडी जपावयास कोट्यधीश आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या एम्. जी. बी.ला कोण आहे?

कोणी विचारील कीं, मग जुनें म्हणून कुजलेले ब्रेकहि जपावयाचे का? मुळींच नाहीं. ब्रेकच्या रबरी नळ्या, टायर, गाळण्या हे भाग झिजण्यासाठींच केलेले असतात. ते बदलण्यांत गाडीचा अपमान नाहीं, उलट न बदलण्यांत रस्त्यावरील परक्या मुलांच्या जिवाशीं खेळ आहे. ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांवरील गाड्यांना, त्यांत मोठे फेरफार झालेले नसतील तर, मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं. म्हणजे सरकारनें आपला तपासनीस काढून घेतला आणि सगळा भार मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर टाकला. तसेंच शिसेंयुक्त पेट्रोल तेथें २००० सालापासून सामान्य विक्रींतून गेलें. त्या शिशाच्या आधारानें टिकणाऱ्या जुन्या इंजिनांत झडपांच्या बैठकी कठीण धातूच्या बसविणें हें शहाणपणाचें आहे. सिलचा कुजलेला पत्राहि कापलाच पाहिजे, कारण त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जेवढें कुजलें तेवढेंच कापा, जेवढें कापलें तेवढें लिहून ठेवा, आणि जें नुसतें म्हातारें झालें आहे त्याला कुजलेलें म्हणूं नका.

यावर व्यवहारी माणूस हंसेल. तो म्हणेल, वीतभर पत्रा कापून त्याच्या मापाचा तुकडा घडवून जोडावयास कारागिराला दोन दिवस लागतात आणि नवा भाग दोन तासांत बसतो. मजुरी कोण देणार? हा आक्षेप अगदीं खरा आहे, आणि आमच्या सर्व प्रतिपादनाचा कणा तोच आहे. जेथें तासांचा हिशेब होतो तेथें दुरुस्तीपेक्षां बदली नेहमींच स्वस्त पडणार. धंदेवाईक कारखान्यानें जुना पत्रा वाचवावा ही अपेक्षाच आम्ही करीत नाहीं. त्याला भाडें भरावयाचें असतें, माणसांचे पगार द्यावयाचे असतात. परंतु घरच्या गॅरेजांत काम करणाऱ्या माणसाच्या वेळेला कोणी भाव लावलेला नाहीं. रविवारची दुपार एका पट्टीवर खर्च झाली तर त्याचें कोणी बिल करीत नाहीं. जुनें जपण्यासाठीं लागणारी चिकाटी परवडेल अशी जागा आजच्या जगांत फारशी उरलेली नाहीं. घरामागचें गॅरेज ही त्यांपैकीं एक. आणि अशा माणसानेंच, जो मोकळा आहे त्यानेंच, कारखान्याची नक्कल करावी, पाकिटांतले नवे भाग उघडून उघडून जोडावे आणि त्याला छंद म्हणावें, याहून मोठा करंटेपणा कोणता?

येथें आम्हां पांढरपेशा लोकांना थोडें बोलून घेणें भाग आहे. 'एवढा शिकलेला मुलगा परदेशांत जाऊन पत्रे घांसतो!' असा उद्गार त्या मुलाच्या घरच्याच एका वडीलधाऱ्या गृहस्थानें आमच्यासमोर काढला. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों, कारण आमच्या स्वतःच्या घरीं नळाची चकती झिजली तरी आम्ही माणूस बोलावितों. तीस वर्षें आम्ही वर्गांत अस्सल आणि नक्कल यांतील भेद शिकविला, पण तो भेद बोटांना कसा कळतो हें त्या गॅरेजांत, एका रिकाम्या डब्यावर बसून, प्रथम पाहिलें. ज्यानें स्वतः गंज कापला आहे त्याला कोठला पत्रा १९६६ चा आणि कोठला कालचा हें विसरतां येत नाहीं. तो दुसऱ्याला फसविण्यापूर्वीं त्याला स्वतःला फसवावें लागतें. पैसे टाकून चकचकीत गाडी घेणाऱ्याला ही अडचण नाहीं. त्याला कांहीं ठाऊकच नसतें.

म्हणून ज्या कोणास आपल्या दारीं जुन्या वस्तूचा उद्धार करावयाचा असेल, मग ती मोटार असो, आजोबांचें घड्याळ असो कीं वाड्याचा दरवाजा असो, त्यांस आमचें सांगणें असें: काढण्यापूर्वीं चित्र घ्या, काढलेला भाग फेंकण्यापूर्वीं आठ दिवस थांबा, जें नवें घालाल त्याच्यावर आंतल्या बाजूस साल कोरा, आणि एक वही ठेवा, जिच्यांत आपल्या चुकाहि लिहाल. ही वही त्या वस्तूबरोबर पुढच्या मालकाला जावी. संपादकाची नागमोडी रेघ ती हीच.

आमच्या विद्यार्थ्यानें नवा सांगाडा घेतला नाहीं. दोन्ही सिल त्यानें कापून नव्या पत्र्याच्या केल्या, कारण तेथें वाचविण्यासारखें कांहीं नव्हतें. मागील चाकांवरच्या कमानी मात्र तुकडे जोडून वाचविल्या. त्यापायीं त्याची एक सबंध सुटी गेली आणि पहिली कमान दोनदां करावी लागली. सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या जेथल्या तेथें आहेत. गाडी अद्याप रस्त्यावर आलेली नाहीं. येत्या वसंतांत येईल असें तो लिहितो, आणि असेंच त्यानें गेल्या वसंतापूर्वींहि लिहिलें होतें.

बॉनेटला त्यानें बाहेरून रंग दिला. आंतून दिला नाहीं. त्या एकोणीस ओळींखालीं जागा शिल्लक आहे. इंजिन सुरू होऊन पहिलें तेल बदललें कीं विसावी ओळ त्याची मुलगी लिहिणार आहे.